अक्कलदाढ

अक्कलदाढ : जबड्याच्या टोकाला, वर-खाली मिळून चार येणारी तिसरी दाढ. ती साधारण १७ ते २५ व्या वर्षी उगवते. शहाणपणाशी तिचा संबंध वयापुरताच, तरी पोरकटपणा करणाऱ्याला ‘अक्कलदाढ आली नाही वाटतं अजून’ हे ऐकावे लागते. काहींना ती खरोखरच येत नाही.

जबड्यात जागा अपुरी पडली की खालची दाढ तिरकी किंवा आडवी अडकते. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो. त्याखाली पोह्याचा कण, शेंगदाण्याचा कूट अडकून कुजतो. मग हिरडी सुजते, ठणका कानापर्यंत जातो, तोंड दोन बोटेही उघडत नाही. गुटखा-सुपारीने तोंड उघडेनासे होते तो आजार वेगळा आणि अधिक गंभीर.

कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि मऊ ब्रशने मागपर्यंत सफाई, एवढ्याने सौम्य दुखणे बसते. लवंगतेल हिरडीवर थेट ओतू नये, ती भाजते. ताप आला, गिळता येईना किंवा सूज गळ्याकडे उतरली, तर न थांबता डॉक्टरांकडे जावे. सरळ, स्वच्छ राहणारी दाढ मात्र काढण्याची घाई नको. काढण्यापूर्वी एक्स-रे लागतो, कारण खालच्या ओठाला संवेदना देणारी नस खालच्या दाढेच्या मुळांजवळून जाते. मुंबई परिसरातल्या रुग्णांना सरकारी उपचारासाठी लोकलने सीएसएमटी स्थानक गाठता येते. शासकीय दंत महाविद्यालय तेथे सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे.

दाढ काढल्यावर पहिले २४ तास जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, विडी-सिगारेट ओढू नये. खळगीतील रक्ताची गुठळी निघाली, तर तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त दुखते.