किशोरकुमार
(४ ऑगस्ट १९२९ – १३ ऑक्टोबर १९८७). हिंदी चित्रपटांतील ख्यातनाम पार्श्वगायक, अभिनेते व संगीत-दिग्दर्शक. मूळ नाव आभासकुमार गांगुली. जन्म खांडवा (मध्य प्रदेश) येथे, एका बंगाली वकिलाच्या कुटुंबात. अभिनेते अशोककुमार हे त्यांचे ज्येष्ठ बंधू. गायनाचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. कुंदनलाल सैगल हा त्यांचा प्रारंभीचा आदर्श. खेमचंद प्रकाश यांच्या संगीत-दिग्दर्शनाखाली जिद्दी (१९४८) या चित्रपटात देव आनंद यांच्यासाठी त्यांनी गायिलेल्या पहिल्या एकल गीतावर सैगलांची छाप स्पष्ट दिसते. ते गीत करुण होते, हे त्यांच्या पुढील कीर्तीच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

सैगलांचे अनुकरण त्यांनी सोडले, ते सचिनदेव बर्मन यांच्या सल्ल्यावरून. त्यानंतरच्या दशकात त्यांचे नाव झाले ते मात्र विनोदी नट आणि विनोदी गायक म्हणून. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी आशा (१९५७) मध्ये त्यांच्याकडून गाऊन घेतलेले ‘ईना मीना डीका’ हे निरर्थक शब्दांचे गीत घरोघरी पोहोचले. चलती का नाम गाडी (१९५८) ने त्यावर कळस चढविला. हाफ टिकट (१९६२) मध्ये सलिल चौधरी यांच्या एका युगुलगीतातील स्त्री व पुरुष हे दोन्ही आवाज त्यांचेच आहेत. नेहमीच्या आवाजातून स्वर एकाएकी वरच्या, पातळ आवाजात उडविण्याची ‘यॉडलिंग’ ही आल्प्स पर्वतातील पद्धत त्यांनी पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिकांवरून उचलली व ती त्यांची खूणच बनली.

या कीर्तीची किंमतही त्यांना मोजावी लागली. रागिणी (१९५८) व शरारत (१९५९) या चित्रपटांत नायक किशोरकुमार असूनही त्यांच्या तोंडची काही गंभीर गीते महंमद रफी यांनी गायिली. स्वतः गायक असलेल्या नटाला दुसऱ्याचा आवाज उसना देण्याचा हा प्रकार विलक्षणच म्हणावा लागेल. वस्तुतः फंटूश (१९५६) मधील त्यांचे दुःखगीत तोवर लोकांच्या कानी पडलेले होते. आपली दुसरी बाजू मांडण्यासाठी त्यांनी स्वतःच चित्रपट हाती घेतले. स्वतः संगीत दिलेल्या झुमरू (१९६१) मध्ये यॉडलिंगने भरलेल्या शीर्षकगीताबरोबरच, अशोककुमारांनी जीवन नैया (१९३६) मध्ये गायिलेले एक विषण्ण गीत त्यांनी पुन्हा गायिले. दूर गगन की छाँव में (१९६४) या युद्धावरून परतलेला सैनिक व त्याचा मुका मुलगा यांच्या कथेची निर्मिती, दिग्दर्शन, संगीत व प्रमुख भूमिका त्यांचीच. मुलाचे काम त्यांचा पुत्र अमितकुमार याने केले. त्याच वर्षी सत्यजित राय यांच्या चारुलतामध्ये त्यांनी रवींद्रसंगीत गायिले.

पडोसनमधील (१९६८) शास्त्रीय संगीतात मुरलेल्या मन्ना डे यांच्याबरोबरची जुगलबंदी ही त्यांच्या विनोदी गायनाची परिसीमा होय. पुढच्याच वर्षी आराधनामधील गीते राजेश खन्ना यांच्या तोंडी गाजली आणि पारडे फिरले. ‘रूप तेरा मस्ताना’ या गीताने त्यांना आठ फिल्मफेअर पुरस्कारांपैकी पहिला मिळवून दिला. मेरे अपने (१९७१), अमर प्रेम (१९७२) व कोरा कागज (१९७४) यांतील त्यांची गीते संथ लयीची व अंतर्मुख आहेत. मेरे अपनेचे संगीतकार हाफ टिकटवालेच सलिल चौधरी होत. शब्द बोलल्यासारखा उच्चारणे, ओळीच्या शेवटी श्वास मोकळा सोडणे या विनोदी गीतांत कमावलेल्या लकबीच येथे निराळ्या उद्देशाने वापरलेल्या आढळतात. विनोद त्यांनी सोडला नाही. त्यांनी गायिलेल्या मराठी गीतांपैकी गंमत जंमतमधील (१९८७) अनुराधा पौडवाल यांच्यासमवेतचे युगुलगीत विशेष लोकप्रिय झाले. मुंबई येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अंत्यसंस्कार खांडवा येथे करण्यात आले.