चमचाभर साखरेचा राखणदार

फराळाचे ताट समोर असता साखरेची चौकशी करणे काहींना अरसिकपणाचे वाटेल. पण आमच्या नंदनवनात अनारशांच्या ताटाशेजारीच मधुमेहाच्या गोळ्यांची डबी दिसू लागली आहे; तेव्हा हा विषय सणाबाहेरचा नव्हे.

निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते ती उपाशीपोटी जेमतेम चमचाभर, सुमारे ५ ग्रॅम. मेंदूचे वजन शरीराच्या पन्नासाव्या हिश्शाएवढे. पण त्याला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर लागते आणि त्याच्यापाशी साठा जवळजवळ नाहीच! म्हणजे ज्याचे पोट त्या चमच्यावर अवलंबून, तोच त्याचा हिशेब ठेवीत असेल काय?

हा प्रश्न प्रथम प्रयोगाने विचारला तो पॅरिसच्या क्लोद बर्नारने. १८४९ साली त्याने सशाच्या मेंदूच्या तळाशी एका ठरावीक जागी सुई टोचली, आणि थोड्याच वेळात सशाच्या लघवीत साखर उतरली. हा निरोप व्हेगस नावाच्या मज्जातंतूतून यकृताला जात असावा, असा त्याचा तर्क होता. पण व्हेगस तोडूनही साखर वाढलीच. निरोपाची वाट निराळी, पाठीच्या मज्जारज्जूतून जाणारी होती.

पुढे १८८९ मध्ये फोन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचे स्वादुपिंड काढताच त्याला मधुमेह जडला. १९२१ मध्ये टोरंटोत इन्सुलिन हाती आले. सगळे श्रेय स्वादुपिंडाच्या पदरात पडले, आणि बर्नारची सुई जणू अडगळीत गेली.

तिला पुन्हा उजेडात आणण्यात एका भारतीयाचा वाटा मोठा आहे. १९५१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद यांनी ब्रोबेक यांच्यासमवेत दाखविले, की हायपोथॅलॅमस या मेंदूच्या तळच्या भागात दोन्ही बाजूंची एक इवलीशी जागा नष्ट केली, तर उंदीर अन्न पुढे असूनही खात नाही. १९५३ साली झाँ मेयरने सिद्धान्त मांडला, की मेंदू रक्तातील साखर चाखून भूक ठरवितो. त्याची कसोटी आनंदांनी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत छिना आणि बलदेव सिंग यांच्या साहाय्याने घेतली. १९६२ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की रक्तात साखर वाढली म्हणजे तृप्तीच्या केंद्रातील विद्युत्-हालचाल वाढते आणि भुकेच्या केंद्रातील मंदावते. आज दोन केंद्रांचे हे चित्र फार सोपे मानले जाते. पण साखर ओळखणाऱ्या पेशी मेंदूत आहेत, हे आता निर्विवाद आहे. त्यांतील काहींची यंत्रणा तर स्वादुपिंडातल्या पेशींसारखीच आहे. बर्नार आणि मिन्कोव्स्की, दोघेही खरे ठरले!

साखर १०० मिलिलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली घसरू लागली, की हा राखणदार हाकाटी करतो. ॲड्रिनॅलिन सुटते, हात कापतात, घाम फुटतो, भूक लागते, आणि यकृत आपली कोठी उघडते. परंतु इन्सुलिन घेणाऱ्याची साखर वारंवार खाली गेली, तर राखणदार सरावतो आणि हाकाटी उशिरा करतो, किंवा करीतच नाही.

आमच्या थोरल्या काकू वीस वर्षे इन्सुलिन घेतात. एका लक्ष्मीपूजनाला सकाळची सुई टोचून त्या पूजेपर्यंत निरंकार राहिल्या. ना घाम, ना थरथर, “मला काही होत नाही बाई,” म्हणता म्हणता सुनेलाच “तू कोण गं?” विचारू लागल्या. गिळता येत होते, म्हणून सुनेने साखरपाणी पाजले, आणि पंधरा मिनिटांत माणूस परत आले. पुढे डॉक्टरांनी इन्सुलिनची मात्रा कमी केली. साखर काही आठवडे खाली जाऊ दिली नाही, तर हा राखणदार बहुधा पुन्हा जागा होतो, असे त्यांनीच सांगितले.

म्हणून माझे सांगणे एवढेच: घरात इन्सुलिन घेणारे कोणी असेल, तर त्यांना किती लाडू दिले हे जसे मोजता, तसे ते वेळेवर जेवले की नाही हेही विचारा. आतला राखणदार झोपला असेल, तर घरच्यांनीच जागे राहिले पाहिजे.