पावणी आणि इजारा

‘लिलाव’ हा आज मराठीत रुळलेला शब्द मूळचा पोर्तुगीज. परंतु चढत्या बोलीची रीत काही पोर्तुगीजांनी आपल्याला शिकविली नाही. गोमंतकात तिला ‘पावणी’ म्हणतात. उत्सवात देवापुढे ठेवलेली फळे सभामंडपात पुकारली जातात, आणि बाजारात सहज मिळणाऱ्या नारळासाठी भाविक कितीतरी पट अधिक बोली करतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा व्यवहार आतबट्ट्याचा. पण पैसा कोठे जातो हे ठाऊक असल्यामुळे बोलणाऱ्यास तो तसा वाटत नाही.

या पावणीचे थोरले भावंड म्हणजे शेतांची पावणी. गोव्यातील गावांची बरीचशी जमीन गावकरांच्या समुदायाची, म्हणजे गावकरीची असे. तिसवाडीतील या रूढी १५२६ साली अफोंसो मेशिया या अधिकाऱ्याने ‘फोराल’ नावाच्या सनदेत नोंदवून घेतल्या. भातशेते ठराविक मुदतीने, पुढील काळात बहुधा तीन वर्षांसाठी, जाहीर बोलीने दिली जात. घेणाऱ्यास जामीन द्यावा लागे. उत्पन्नातून राजाचा धारा, बांध व मानशी यांची डागडुजी, सेवेकऱ्यांचे वेतन आणि देवस्थानाचा खर्च भागे. उरेल ते ‘झोण’ म्हणून गावकरांत वाटले जाई. तूट आल्यास तीही त्यांनीच सोसावयाची. अर्थात भाव चढला तर त्याचा लाभ गावालाच, आणि पडला तर हानीही गावाचीच.

१५४० मध्ये तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळविण्यात आले. पावणी चालूच राहिली. तिच्या फळाची वाट मात्र बदलली. बोलीचा न्याय केवळ पुकाराच्या जागी ठरत नाही, तिजोरीच्या दारातही ठरतो, हे यावरून ध्यानी येते.

याच चढाओढीचे दुसरे रूप घाटावर पाहावयास मिळते. नाना फडणविसांच्या काळी मामलेदाराच्या हिशेबावर सरकारची नजर असे. दुसऱ्या बाजीरावाने महाल इजाऱ्याने देण्याचा सपाटा लावला. जो अधिक रक्कम कबूल करील त्याला मामलत. आणि मुदत संपण्यापूर्वीच दुसरा कोणी अधिक बोलला, तर पहिल्याची उचलबांगडी. इजारदाराने पोटइजारे द्यावे, त्यांनी पाटलाकडून वसूल करावे आणि पाटलाने रयतेकडून. पेशवाई बुडाल्यानंतर १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने या पद्धतीची कठोर चिकित्सा केली आहे. तो परक्या सत्तेचा माणूस होता, हे लक्षात ठेवूनही ती सहज टाकून देता येत नाही. येथे बोली करणारा एक आणि भरणारा दुसरा. मग बोलीला आवर कोण घालणार?

गावकरीची पावणीही निर्दोष नव्हती. जामीन देण्याची ऐपत नसलेल्या कष्टकऱ्यास त्या सभेत आवाज कसला? दर मुदतीस शेत हातचे जाण्याची धास्ती ज्याला असेल, तो त्या जमिनीत काळजीने घाम कसा गाळील? १९६४ च्या कूळ कायद्याने गोव्यातील कुळांस संरक्षण मिळाले, तेव्हा शेतांच्या पावणीचा जुना पाया ढासळला, आणि ते योग्यच झाले.

कायद्याची दृष्टी या बाबतीत साधी आहे. बोली हा केवळ प्रस्ताव होय. १७८९ च्या पेन विरुद्ध केव्ह या इंग्रज खटल्यात ठरल्याप्रमाणे, हातोडा पडेपर्यंत बोलणारा माघार घेऊ शकतो. आपल्या १९३० च्या माल विक्री कायद्याचे ६४ वे कलमही हेच सांगते. विक्रेत्याने भाव चढविण्यासाठी खोटी बोली करविली, तर घेणाऱ्यास विक्री रद्द ठरविता येते. मात्र ‘तीन वार’ झाले की प्रस्तावाचा करार होतो आणि शब्दाचे ऋण.

देवळातील पावणीस हाच दंडक लावला पाहिजे. मंडपात मोठ्याने बोललेली रक्कम वहीत येणे नुसतीच राहिली, तर ती भक्ती नव्हे, थकबाकी होय. आणि समितीने जमेचा विनियोग महाजनांपुढे उघड मांडला नाही, तर ती पावणी नावालाच उरते. आतून ती इजाराच झालेली असते.