अमेरिकी महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी विद्यापीठांच्या इतिहासात कृष्णवर्णीय माणूस यायचा तो एक तर गुलाम म्हणून, नाहीतर यादवी युद्धानंतर मिळालेले हक्क न पेलणारा म्हणून. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी 1865 ते 1877 या पुनर्रचनेच्या काळाचा इतिहास लिहिला. कृष्णवर्णीयांना मताधिकार देणे हीच मुळात घोडचूक होती, असा त्याचा सूर होता आणि पाठ्यपुस्तकांनीही तोच उचलला. 

या इतिहासाला पुराव्यानिशी उत्तर देण्याचे काम विद्यापीठांच्या बाहेरच सुरू झाले. ते उभे करणारे इतिहासकार कार्टर वुडसन यांचा जन्म 1875 मध्ये व्हर्जिनियात, गुलामीतून सुटलेल्या आईबापांच्या पोटी झाला. तरुणपणी त्यांनी कोळशाच्या खाणीत काम केले, हायस्कूलमध्ये ते जवळपास विसाव्या वर्षी गेले. 1912 मध्ये त्यांना हार्वर्डची पीएच.डी. मिळाली. ती मिळवणारे ते दुसरे कृष्णवर्णीय, पहिले डब्ल्यू. ई. बी. दु बॉईस, 1895 मध्ये. पदवी मिळाली तरी गोऱ्या विद्यापीठांचे दरवाजे बंदच होते. 1915 मध्ये वुडसन यांनी शिकागोत कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा व इतिहासाचा अभ्यास करणारी संस्था स्थापन केली. 1916 मध्ये संशोधनपत्रिका, 1921 मध्ये स्वतःची प्रकाशनसंस्था आणि 1922 मध्ये ‘द निग्रो इन अवर हिस्टरी’ हे पाठ्यपुस्तक निघाले. हा सगळा कारभार वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या राहत्या घरातून चाले. कृष्णवर्णीयांच्या हॉवर्ड विद्यापीठात ते अधिष्ठाता झाले खरे, पण अध्यक्षांशी बिनसल्याने 1920 मध्येच बाहेर पडले. लिंकन आणि गुलामीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या जयंत्यांचा मेळ साधून फेब्रुवारी 1926 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय इतिहास सप्ताह सुरू केला. आजचा इतिहास महिना त्यातूनच वाढला.

हे संशोधन वर्गात पोचले ते प्रामुख्याने हॉवर्ड, फिस्क, अटलांटा अशा कृष्णवर्णीयांच्या संस्थांत. दु बॉईस यांनी अटलांटात अनेक वर्षे शिकवले आणि 1935 मध्ये डनिंगपंथाचे सविस्तर खंडन करणारा ग्रंथ लिहिला. गोऱ्या इतिहासकारांनी तो बराच काळ बाजूलाच ठेवला.

संशोधनाची साधने मिळवणेही सोपे नव्हते. कृष्णवर्णीय इतिहासकार जॉन होप फ्रँकलिन 1939 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या अभिलेखागारात गेले, तेव्हा गोऱ्या सेवकांना त्यांची सेवा करावी लागू नये म्हणून त्यांना वेगळी खोली आणि दप्तराची किल्ली देण्यात आली. काही दिवसांतच गोऱ्या संशोधकांनी तक्रार केली की आम्हालाही किल्ली हवी, हा आमच्यावर अन्याय आहे! किल्ली परत घेतली गेली आणि सेवकांनाच कागद आणून देण्यास सांगण्यात आले. फ्रँकलिन यांचे ‘फ्रॉम स्लेव्हरी टू फ्रीडम’ 1947 मध्ये आले आणि पुढे अनेक पिढ्यांचे पाठ्यपुस्तक ठरले. 1956 मध्ये ते ब्रुकलिन कॉलेजात इतिहास विभागाचे प्रमुख झाले.

गोऱ्या विद्यापीठांत या विषयाला स्वतंत्र विभाग मिळाला तो विद्वानांच्या आर्जवांनी नव्हे, विद्यार्थ्यांच्या संपाने. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात नोव्हेंबर 1968 मध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने संप पुकारला. इतर वांशिक गटांचे विद्यार्थी त्यात उतरले, काही प्राध्यापकही सामील झाले, पोलिसांशी चकमकी झडल्या. हंगामी अध्यक्ष हायाकावा यांनी तर ध्वनिक्षेपकाच्या गाडीवर चढून तारा उपसल्या. मार्च 1969 मध्ये तडजोड होऊन विभाग मान्य झाला. त्याची आखणी करणारे समाजशास्त्रज्ञ नेथन हेअर यांना मात्र कॉलेजने पुन्हा नेमले नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॉर्नेलच्या विद्यार्थ्यांनी एक इमारत ताब्यात घेतली. तिथेही स्वतंत्र केंद्र उभे राहिले, आणि काही वर्षांतच देशभर असे विभाग निघाले. 1988 मध्ये फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठाने या विषयात पीएच.डी.चा पहिला अभ्यासक्रम सुरू केला.

आता हा विषय महाविद्यालयाच्याही आधी, हायस्कूलमध्ये शिकवला जातो. महाविद्यालयीन श्रेयांक मिळवून देणारा अभ्यासक्रम 2022 मध्ये निवडक शाळांत प्रायोगिक स्वरूपात आला. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडा राज्याने तो नाकारला. 2024-25 पासून तो देशातील शाळांसाठी रीतसर खुला झाला आहे.