कुटकी: उंदरापासून रुग्णापर्यंत

हिमालयात सुमारे ३,००० मीटरच्या वर उगवणाऱ्या कुटकीचे जमिनीखालचे कडू खोड आयुर्वेदात यकृतविकारांवर पूर्वापार वापरले जाते. आरोग्यवर्धिनी वटीत निम्मा भाग तिचाच. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातून 'पिक्रोलिव्ह' हा प्रमाणित अर्क काढला. पिक्रोसाइड-१ आणि कुटकोसाइड ही त्यातील मुख्य द्रव्ये.

पॅरासिटामॉल अतिमात्रेत घेतल्यास यकृतात तयार होणारे विषारी द्रव्य ग्लुटाथायोनचा साठा संपवते आणि पेशी मरू लागतात. पिक्रोलिव्ह दिलेल्या उंदरांत ही हानी कमी आढळली. परंतु अशा प्रयोगांत अर्क बहुधा विषाच्या आधी दिला जातो; रुग्ण मात्र नंतर येतो! त्याच्यासाठी ग्लुटाथायोन भरून काढणारे एन-ॲसिटिलसिस्टीनच प्रमाण उपचार ठरले. क्षयरुग्णाची गोष्ट निराळी. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन त्याला महिनोन्‌महिने घ्यावी लागतात, म्हणजे संरक्षक द्रव्य पहिल्या दिवसापासून सोबत देता येईल. कुटकीची खरी कसोटी तिथे आहे.

माणसांवरील पुरावा तोकडाच. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील चाचणीत विषाणुजन्य कावीळ झालेले ३३ रुग्ण होते. बिलिरुबिन ठरावीक पातळीवर उतरण्यास कुटकी घेणाऱ्यांना सुमारे २७, तर इतरांना सुमारे ७६ दिवस लागले. आकडे बोलके खरे, पण गट लहान आणि कारण विषाणू, औषध नव्हे.

दरम्यान मागणी वाढतच गेली. खोड उपटले की झाड संपते. १९९७ साली कुटकीचा समावेश 'साइटिस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला आणि तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले.