तेलाच्या हातीं दिलेली मोटार



गेल्या वैशाखांत माझ्या जावयांची स्वयंचलित गिअरांची मोटार दोंडाईच्याच्या वेशीबाहेर बंद पडली. आम्हीं ती दोरानें बांधून नंदुरबारपर्यंत ओढून नेली. इंजिनाचा दोष किरकोळ निघाला. गिअरबॉक्स मात्र जळाला होता. असें कां व्हावें, ह्याचें उत्तर त्या यंत्राच्या इतिहासांत आहे.

१९०५ सालीं हर्मान फॉटिंगर ह्या जर्मन अभियंत्यानें जहाजांसाठीं एक युक्ति काढली. वाफेच्या टर्बाइनचा वेग फार, जहाजाच्या पंख्याचा थोडा. दोहोंचा मेळ त्यानें द्रवानें घातला. समोरासमोर दोन चक्रें असतात. पहिलें चक्र द्रव फेकतें व त्या लोटानें दुसरें फिरतें. दोहोंची घट्ट गांठ नाहीं, म्हणून धक्काहि बसत नाहीं.

पुढें अमेरिकेंत ओल्ड्समोबिलच्या १९४० च्या मोटारींत ‘हायड्रामॅटिक’ मिळूं लागली. तींत असें द्रवचक्र तर होतेंच. शिवाय गाडीचा वेग पाहून तेलाचा दाबच गिअर बदलीत असे.

अशा गिअरबॉक्सांत तेल हेंच चालक, तेंच वंगण आणि तेंच थंडावा देणारें. इंजिन थांबलें कीं तेलाचा पंप थांबतो. मग चाकें ओढलीं, तर आंतील भाग कोरडेच घासतात. आमची चूक ती हीच! अशी बंद गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी. कारखान्यानें सांगितलेल्या जातीचेंच तेल घालावें, तें व गाळणी मुदतींत बदलावीं, आणि करपल्याचा वास येतांच कारागीर गांठावा.

गिअर बदलण्याचे श्रम यंत्रानें घेतले. यंत्र जाणून घेण्याचे मात्र आपल्याकडेच राहिले आहेत.