रूह-ए-तूतिया : जस्ताच्या वाफेचा इतिहास

अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त धातूंची माहिती देताना जस्ताचाही उल्लेख केला आहे. काहींच्या मते जस्त म्हणजेच 'रूह-ए-तूतिया', ते शिशासारखे दिसते, जुन्या हकिमांच्या ग्रंथांत ते सापडत नाही, मात्र अजमेर सुभ्यात जालोरकडे त्याची खाण आहे, अशी ती नोंद आहे. तूतिया म्हणजे जस्ताची पांढरी भुकटी. डोळ्यांच्या औषधात ती वापरली जाई. 'रूह'चा अर्थ आत्मा खरा. पण अरबी किमयेत आचेवर उडून जाणाऱ्या पारा, गंधक, नवसागर अशा पदार्थांनाही 'अरवाह' म्हणत. हा शब्द येथे केवळ अलंकार म्हणून आलेला नसावा.

तांबे, शिसे, लोखंड माणसाला हजारो वर्षे ठाऊक होते. मग जस्त एवढे मागे का राहिले? जस्त ४१९.५ अंश सेल्सिअसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. खनिजातून कोळशाच्या साहाय्याने ते सुटे करण्यास मात्र सुमारे १००० अंश उष्णता लागते. म्हणजे धातू भट्टीत जन्मतो तोच वाफेच्या रूपात, आणि हवा लागताच जळून भुकटी होतो. इराणात किरमानच्या भट्ट्यांतून हीच भुकटी गोळा करीत. तांब्यात ती वाफ मुरवून पितळही होत असे. शुद्ध जस्त तेवढे हाती लागत नव्हते.

उदयपूरजवळच्या जावर येथील कारागिरांनी भट्टीच उलटी केली. 'रसरत्नसमुच्चया'त वृन्ताक मूषा, म्हणजे वांग्याच्या आकाराची मूस, सांगितली आहे. जावरला तशाच मातीच्या मुशी सापडल्या. एका भट्टीत ३६ मुशी तोंड खाली करून बसवीत. आच वर, तोंडाची नळी खालच्या थंड कप्प्यात. वाफ हवेला न भेटता खाली उतरे, ९०७ अंशांखाली येताच द्रव होई आणि भांड्यात ठिबके. तापमापक नव्हता, आचेचा अंदाज डोळ्यांनीच घ्यावा लागे. त्या कारागिरांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे.

ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने वाफ खाली उतरवण्याच्या अशाच पद्धतीचे पेटंट १७३८ मध्ये घेतले. जावरच्या भट्ट्या त्याच्या काही शतके आधीच्या आहेत, हे १९८० च्या दशकात हिंदुस्थान झिंक, ब्रिटिश म्युझियम आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांच्या संयुक्त उत्खननातून स्पष्ट झाले.

दख्खनमध्ये याच धातूत थोडे तांबे मिसळून बिदरी हुक्के व सुरया ओतल्या गेल्या. चांदीची नक्षी भरल्यावर त्यांना काळा रंग चढवतात तो बिदरच्या किल्ल्यातील माती आणि नवसागराने.